पाणचिरा आणि पोपटाची भाजी

या लेखात एका गावाचं नाव नाही. नदीचंही नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात मोठ्या नद्या चार-पाच आहेत, त्यातलीच एक, एवढं धरून चला. सव्वीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होते. प्रत्येक थांब्याचं नाव घसा ताणून सांगितलं, झोपलेल्यांना हलवून सांगितलं. या एका गावाचं मात्र सांगणार नाही. का, ते ओघात येईलच.

मी दापोलीकडची, समुद्राच्या काठावर वाढलेली. निवृत्त झाल्यावर पक्ष्यांचे फोटो काढायचं खूळ डोक्यात शिरलं. आमच्याकडे थंडीत किनाऱ्यावर कुरव येतात, सुरय येतात, ओल्या वाळूवर चिखल्यांची पळापळ चालते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ असलं की निम्मं काम झालं. पक्षी आमच्या गाड्यांपेक्षा वेळेवर येतात.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी भाचीकडे गेले होते. मुग्धा, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तिकडे नदीकाठच्या गावात शिक्षिका आहे. चार दिवस आराम करायचा म्हणून मी कॅमेरा घरीच ठेवला होता. शेवटच्या संध्याकाळी नदीवर पाय मोकळे करायला गेले, तर पाण्याला अगदी लागून एक पक्षी आला. वरून काळा, खालून पांढरा, चोच नारिंगी. ती चोच उघडी आणि तिचा खालचा भाग पाण्यात. पाणी चिरत तो माझ्या समोरून सरळ निघून गेला आणि मागे पाण्यावर एक रेघ राहिली. रेघ मिटेपर्यंत मी श्वास घेतला नसेन.

तो पाणचिरा होता. खालची चोच वरच्यापेक्षा लांब, अशी ठेवण आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या पक्ष्याची नाही. आपल्या राज्यात तो दिसणं म्हणजे लॉटरीच.

घरी येऊन मी आमच्या ग्रुपात सांगितलं. दर रविवारी खाडीवर जमणारी आम्ही दहा-बारा माणसं, आणि त्यात सगळ्यात जाणते नाना. चाळीस वर्षं वह्या भरून नोंदी करणारा माणूस. नाना शांतपणे म्हणाले, "फोटो?"

"कॅमेरा नव्हता."

"मग सुरय असेल. संध्याकाळच्या उजेडात फसायला होतं."

संपलं. त्या दिवसापासून ग्रुपात 'बाईंचा पाणचिरा' ही म्हणच पडली. वड्यांची ऑर्डर यायला उशीर झाला की कोणीतरी म्हणायचं, वडे म्हणजे बाईंचे पाणचिरे झाले. मीही हसायचे, पण घरी आल्यावर भांडी जरा जोरात घासली जायची.

आता खरं सांगायचं तर मला तक्रार करायला तोंड नव्हतं. जन्मभर मी 'तिकीट दाखवा' म्हणत आले. 'काढलं होतं हो, वाऱ्यानं उडालं' म्हणणाऱ्या एकाही माणसावर मी विश्वास ठेवला नाही. आता वाऱ्यानं माझंच तिकीट उडालं होतं. म्हणून ठरवलं, पुढच्या हिवाळ्यात परत जायचं आणि तिकीट घेऊनच यायचं. घरचे म्हणाले, या वयात, एकटी, एवढ्या लांब? मी बॅग भरायला घेतली.

बल्लारपूर

रेल्वेतला प्रवास वगळते. शेंगांची टरफलं आणि दुसऱ्यांची भांडणं, बाकी काही नव्हतं. पहाटे बल्लारपूरला उतरले तेव्हा दात वाजत होते. आम्हा कोकणातल्या माणसांना थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवणे. इथे फलाटावर कामावर निघालेली माणसं कानाला मफलर गुंडाळून, तोंडातून वाफ काढत उभी होती.

स्टेशनाबाहेर पोह्यांच्या गाडीवर गेले. पोहेवाल्यानं बशी भरली, त्यावर लाल तर्री ओतली आणि विचारलं, "सांबार टाकू का, बाई?"

"मी इडली नाही घेतली."

तो माझ्याकडे बघत राहिला. "पोह्यावर सांबार, बाई."

"पोह्यावर सांबार कोण खातं?"

"सगळेच खातेत ना जी!" असं म्हणून त्यानं चिमूटभर कोथिंबीर उचलून दाखवली. रांगेतली चार माणसं हसली, मीही हसले. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हा किस्सा मी फोन करून तिघांना सांगितला. इथे शब्द जपून ऐकायचे, हा धडा त्यात होता, तो मात्र मी पोह्यांबरोबर गिळून टाकला.

आलापल्ली

मुग्धा आलापल्लीलाच भेटली. तिचं तिथे शाळेचं प्रशिक्षण चालू होतं. तिनं खोलीची किल्ली हातात ठेवली. "मावशी, तू पुढे हो. मारोतीभाऊंना सांगून ठेवलंय, ते डोंग्यातून नेतील. मी परवा सकाळच्या गाडीनं येते."

गाडीला दोन तास होते. सागवानाच्या जंगलाकडेनं चालत गेले. सागाची पानं वाळून रस्त्यावर पडलेली, पायाखाली पापड मोडल्यासारखी वाजत होती. एका उंबरावर धनेशाची जोडी बसली होती. नर एकेक उंबर तोडून वर उडवायचा आणि झेलायचा. एरवी अशा जोडीसाठी मी आठवडा घालवला असता. पाच-सहा फोटो घेतले आणि घड्याळ बघितलं. धनेश देखणा होता, पण मी त्याच्यासाठी आले नव्हते.

नदीकाठ, पहिला दिवस

मारोतीभाऊ ढिवर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नदीत मासेमारी करणाऱ्यांपैकी. पन्नाशी ओलांडलेले, काटक, बोलताना नदीकडे बघणारे. आदल्या संध्याकाळी मी पोहोचले तेव्हा त्यांच्या अंगणात भिंतीला जाळी टांगलेली होती आणि बाजूला चूल पेटली होती.

"मुग्धा म्याडमची मावशी ना तुमी? या, बसा जी."

मी पक्ष्यांच्या पुस्तकातलं पाणचिऱ्याचं चित्र पुढे केलं. त्यांनी बोट ठेवलं. "हा नांगऱ्या होय."

"नांगऱ्या?"

"पानी नांगरते ना थो. दुसरे काय म्हंतेत मालूम नाई. माहा बाप नांगऱ्याच म्हने."

 वर्षभर मला सुरय, भास, उजेडाचा खेळ असं काय काय ऐकवलं होतं, आणि इथे एक माणूस चित्रावर बोट ठेवून त्या पक्ष्याला बापाच्या तोंडच्या नावानं हाक मारत होता.

"दिसेल का?"

"दिसन. पर घाई करून नाई जमत. पानी उतरून राह्यलं, रेती उघडी पडून राह्यली. पल्याडच्या रेतीवर येते थो. लय दूर नाई."

सकाळी धुकं असतानाच निघालो. डोंगा म्हणजे एकाच लाकडाच्या खोडाची कोरलेली होडी. आमच्याकडच्या होड्या लाटांवर उड्या मारतात, हा डोंगा पाण्याला कळू न देता सरकतो. त्यात तिपाई उभी राहत नाही, म्हणून अशा वेळी मी लेन्सखाली एक छोटी पिशवी ठेवते. ओझं नको म्हणून पिशवी रिकामीच आणली होती, इथे तांदूळ भरू म्हणून. पण माझ्या अंगात घाई. काठावरची वाळू कोंबली आणि बसले.

व्हायचं तेच झालं. पिशवीची शिवण उसवली आणि वाळू लेन्सच्या फिरत्या कड्यात गेली. कडं फिरवलं की कर्र कर्र. त्या आवाजानं समोरच्या चक्रवाकांची जोडी उठून गेली. नदीटिटव्या दिसल्या, नदीसुरय दिसले. सुरय दिसला की मला नाना आठवायचे आणि रक्त तापायचं. दुपारपर्यंत पाणचिरा काही आला नाही. परत येऊन मी रंगाच्या ब्रशनं एकेक कण काढत बसले.

संध्याकाळी मारोतीभाऊ सांगायला आले, "बाई, आज आमच्या इथीच जेवाले या. म्याडम नाई, तुमी एकट्या कायले रांधता?"

गेले. त्यांच्या बायकोनं, पारबताबाईंनी, पाट मांडला होता. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, सारखी पदर सावरणारी बाई. चुलीवर पातेल्यात काहीतरी रटरटत होतं, वास झकास होता. मी विचारलं, "काय केलंय?"

"पोपट," पारबताबाई म्हणाल्या.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"पोपट केले ना जी. सकाळीच तोडले. कोवळे कोवळे पाहून तोडले, सोलता सोलता बोटंच दुखून गेली."

भिंतीवर जाळी टांगलेली होती. त्याच दुपारी डोक्यावरून पोपटांचा हिरवा थवा ओरडत गेलेला मी पाहिला होता. दोन गोष्टी जोडायला मला क्षणभरही लागला नाही.

"कुठून आणले?"

"घरचेच हायेत. धुऱ्यावरचे," मारोतीभाऊ कौतुकानं म्हणाले. "औंदा लय पोपट झाले. माकडं खातेत, उरले थे आमी खातो."

मी पाटावरून उठले. बसमध्ये दारू पिऊन आलेल्याला खाली उतरवताना जो आवाज लावायचे, तो आवाज आपोआप लागला. "तुम्हाला काही वाटत नाही? मी इथे पक्ष्यांसाठी आले, आणि तुम्ही पोपट मारून मला जेवायला वाढता? कायद्यानं गुन्हा आहे हा!"

मारोतीभाऊ गोंधळले. "पोपटाले कायदा?"

"हो, पोपटाला कायदा! तुमच्या घरचं मी पाणीसुद्धा पिणार नाही."

 त्या शेवटच्या वाक्यावर पारबताबाईंचा चेहरा उतरला, हातातली वाटी त्यांनी हळूच खाली ठेवली.  मी तरातरा खोलीवर आले, चार बिस्किटं खाल्ली आणि आपण फार बाणेदार वागलो या समाधानात झोपले.

दुसरा दिवस

सकाळी काठावर गेले तर डोंगा नव्हता. धुक्यात पल्याडचं काही दिसत नव्हतं. तासभर गारठत उभी राहिले. राग होताच, त्यात आता भीती मिसळली. या माणसाशिवाय पल्याडच्या रेतीवर जायची दुसरी सोय नव्हती. पण मनाशी म्हटलं, पाणचिरा गेला तरी चालेल, पोपट मारणाऱ्याच्या डोंग्यात बसणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

नऊच्या सुमारास मुग्धा आली. हातात पिशव्या, तोंडभर हसू. मी तिला दारातच सगळं सांगितलं, आवेशानं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. तिनं पिशव्या खाली ठेवल्या.

"मावशी, पोपट म्हणजे वाल."

"काय?"

"वालाच्या शेंगा गं. इकडे त्याला पोपट म्हणतात. बांधावर वेल लावतात. त्याचे दाणे सोलून भाजी करतात."

मी खाटेवर बसले. धुऱ्यावरचे. कोवळे. तोडले, सोलले. एकेक शब्द परत आला आणि आपापल्या जागी बसला. आणि कहर म्हणजे आमच्याच कोकणात, अलिबागकडे, मडक्यात वालाच्या शेंगा भाजून 'पोपटी' करतात. मी स्वतः बोटं चाटत खाल्ली आहे. त्या पोपटीत पोपट असतो का, असं मी जन्मात कधी विचारलं नाही.

"त्यांना वाईट वाटलं असेल," मी म्हटलं.

मुग्धा म्हणाली, "तू त्यांच्या घरचं पाणी पिणार नाही म्हणालीस, मावशी. पोपटाचं तुझ्या डोक्यात होतं. त्यांना त्याचा काय अर्थ लागला असेल?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पाहुणी बाई, लांबून आलेली, शहाणीसुरती, ताटावरून उठते आणि म्हणते तुमच्या घरचं पाणीही नको. ढिवराच्या घरात याचा एकच अर्थ लागतो. तो अर्थ त्यांच्या कितीतरी पिढ्यांनी ऐकलेला असणार. इतकी लाज मला त्याआधी आयुष्यात एकदाच वाटली होती. खरं तिकीट असलेल्या म्हाताऱ्याला मी भर पावसात उतरवलं होतं, तेव्हा.

पारबताबाई शेतात होत्या. धान कापून झालेलं, बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, नुसती खुंटं. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हिरवे वेल पसरले होते आणि त्या वाकून शेंगा तोडत होत्या. मला पाहून उभ्या राहिल्या आणि पदर सावरला.

मी आडवळणं घेतली नाहीत. "बाई, माझं चुकलं. आमच्याकडे पोपट म्हणजे पाखरू. मला वाटलं, तुम्ही पाखरं शिजवली."

त्या बघतच राहिल्या. "पाखरू? मिठ्ठू?"

"मिठ्ठू."

"अवो बाई!" त्यांनी कपाळावर हात मारला. "मिठ्ठू कोन खाईल? त्याच्या अंगात मांस तरी किती राह्यते!"

आणि हसायला लागल्या. वाकून, टोपली धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले, पण मला रडू येत होतं. हसता हसता त्या एकदम थांबल्या.

"आमाले वाटलं, तुमाले आमच्या हातचं चालत नाई. याईनं रातच्याले जेवनच नाई केलं." याईनं म्हणजे मारोतीभाऊंनी.

"माझ्या मनात तसं नव्हतं हो."

"मनातलं कोनाले दिसते, बाई?" त्या साधेपणानं म्हणाल्या. "तोंडातलंच आयकू येते."

ऊन वर आलं होतं. फोटोसाठी सोन्यासारखा उजेड होता तो. पण मी टोपलीच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि पोपट तोडायला लागले. कुठली शेंग कोवळी, कुठली निबर, त्यांनी शिकवलं. निबर शेंग हातात घेतली की दाणे आत खुळखुळतात. दुपारपर्यंत दोघींनी दोन टोपल्या तोडल्या. माझी कंबर मोडली, पण मी उठले नाही. कॅमेरा खोलीवर पडून होता आणि त्याची मला आठवणही झाली नाही, असं म्हणणार होते. पण ते खोटं होईल. दर दहा मिनिटांनी आठवण होत होती. तरी उठले नाही.

दुपारी त्यांच्या घरी जेवले. ताजे दाणे, लसूण, हिरवी मिरची, वर सांबार. खोबरं नाही, चिंच नाही, आमच्या वालाच्या बिरड्यासारखी गुळाची गोडीही नाही. दाण्याची चव दाण्यालाच राहिलेली. सोबत गरम भात. जेवणाआधी मी त्यांच्या तांब्यातलं पाणी मागून प्यायले. मारोतीभाऊ तेवढ्यात नदीवरून आले आणि दारात थबकले.

"बसा ना," मी म्हटलं, जणू घर माझंच. "पोपट मस्त झालेत."

ते पाटावर बसले. पारबताबाईंनी त्यांना मिठ्ठूची गोष्ट सांगितली तेव्हा आधी खांदे हलले, मग पोट. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते तुमची पिशवी कुठी हाये? रेतीची?"

"फाटली."

पारबताबाईंनी ती मागवून घेतली, उसवलेली बाजू जाड दोऱ्यानं शिवली आणि बियाण्यासाठी ठेवलेले सुके पोपट त्यात ओतले. पिशवी गच्च भरून तोंड बांधलं. "आता नाई सांडत," म्हणाल्या.

तिसरा दिवस

पहाटे निघालो. अर्ध्या पात्रात मारोतीभाऊंनी वल्हं थांबवलं.

"बाई, एक गोष्ट सांगतो. जागा कोनाले सांगू नका."

 ते सांगत गेले. दोन हिवाळ्यांमागे कोणीतरी फोनवर इथल्या पाखरांचे फोटो टाकले, गावाच्या नावासकट. मग गाड्या आल्या. माणसं रेतीवर चालत गेली, एकानं तर उडतं यंत्र सोडलं, कॅमेऱ्याचं. "पाखरं उठली थे बसलीच नाई. ह्या रेतीवर मार्चात अंडे घालतेत सुरय, टिटव्या. थ्या साली एक पिल्लू नाई पाह्यलं मी. औंदा कुठी परत येऊन राह्यले."

आता माझी अडचण समजून घ्या. नोंद म्हणजे फोटो, तारीख, वेळ आणि जागा. जागा नसेल तर नाना ती नोंद वहीत घेणार नाहीत. फोटो मिळाला तरी माझं तिकीट अर्धंच राहणार. ज्यासाठी एवढी लांब आले, तेच हा माणूस मागत होता.

धुक्यातून एक सुरय ओरडला.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"शब्द?"

"शब्द."

त्यांनी मान हलवली आणि वल्हं पाण्यात घातलं. एवढंच. दोन दिवसांपूर्वी याच माणसाला मी गुन्हेगार ठरवलं होतं, आणि त्यानं माझ्या नुसत्या शब्दावर भागवलं. वर्षभरात माझ्यावर असा विश्वास टाकणारा तो पहिलाच.

रेतीच्या अलीकडे डोंगा लव्हाळ्यात घुसवून आम्ही आडवे पडलो. थंडीनं बोटं सुन्न झाली होती. सूर्य वर आला, धुकं पाण्यावरून उठायला लागलं आणि रेतीच्या टोकाला काळेपांढरे ठिपके दिसले. सहा होते. सगळे वाऱ्याकडे तोंड करून बसलेले. एकानं तर मान पुढे टाकून चोच रेतीवर टेकवली होती, दमून झोपलेल्या प्रवाशासारखी.

पहिले सात-आठ फोटो हलले.  मारोतीभाऊ कानाशी पुटपुटले, "घाई नका करू. थो उठन. मंग पानी नांगरन."

लेन्स पोपटाच्या पिशवीवर दाबून धरली. दाणे आत सरकले आणि लेन्सला घट्ट बसले. एक पाणचिरा उठला, अर्धं वळण घेऊन खाली आला, चोच उघडली, खालचा फाळ पाण्यात टाकला आणि आमच्या समोरून, उगवत्या उन्हात, नदी चिरत गेला. मी बटण दाबून धरलं. तो गेला तरी बोट सुटेना.

पडद्यावर पाहिलं. चोच, पाण्यातला फाळ, मागची रेघ, डोळ्याभोवतीचा काळा रंगसुद्धा. सुईनं कोरावं इतकं स्वच्छ. मी डोंग्यात पडल्या पडल्या रडले. मारोतीभाऊंनी माझ्याकडे न बघता नदीकडे बघत विचारलं, "भेटला?"

"भेटला."

"मंग चला. पाखराईले बसू द्या."

घरी

निघताना पारबताबाईंनी पिशवी परत घेतली नाही. "राहू द्या. लावा तिकडं," म्हणाल्या. मृगात मी परसात दाणे टाकले. आमच्या लाल मातीत वेल रुजेल का शंका होती, पण वेल दगडांचा गडगा चढून पलीकडे गेला.

फोटो मी ग्रुपात टाकला होता. वाहवा झाली, 'बाईंचा पाणचिरा' ही म्हण त्या दिवशी मेली. नानांनी मात्र एकच ओळ लिहिली, "जागा?" मी लिहिलं, "सांगणार नाही." मग तेही गप्प आणि मीही. रविवारी खाडीवर आम्ही एकमेकांना नमस्कार करायचो आणि वेगवेगळ्या दिशांना दुर्बिणी लावायचो.

या हिवाळ्यात एका सकाळी नाना स्वतः घरी आले. काखेत जुनी वही. मी ओळखलं कशासाठी ते. म्हटलं, "आधी जेवून घ्या. आज पोपटाची भाजी आहे. सकाळीच तोडले."

मुद्दामच म्हटलं, खोटं कशाला बोलू? वर्षभराचं उट्टं काढायचं होतं. हा माणूस उठून उभा राहील, आरडाओरडा करील, मग मी सांगेन, पुरतं न ऐकता न्याय करणं काय असतं ते. मी वाट बघत राहिले.

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "हे पोपट झाडाला लागतात, का वेलाला?"

 ज्या माणसाला मी वर्षभर संशयी म्हणून मनात कोसत होते, त्यानं निदान विचारलं होतं. मी ते केलं नव्हतं.

"वेलाला," मी म्हटलं आणि ताट वाढलं. जेवताना त्यांना सगळं सांगितलं. पारबताबाईंची वाटी, न जेवता झोपलेले मारोतीभाऊ, डोंग्यात दिलेला शब्द. गावाचं नाव सोडून सगळं.

नानांनी हात धुतले, वही उघडली. पाणचिरा, असं लिहिलं. तारीख मला विचारली, वेळ विचारली. जागेच्या रकान्याशी पेन थांबलं. चाळीस वर्षांत त्यांनी तो रकाना कधी रिकामा सोडला नव्हता, मला ठाऊक होतं.

तिथे त्यांनी लिहिलं, 'बाईंना माहीत आहे.'

मग वही मिटून म्हणाले, "थोडे पोपट वाढा अजून."